बू खालिदची कुत्री

कुवेतला मला नेलं ते झुरळांसाठी. करारात कुत्र्यांचा शब्दही नव्हता.

इराकशी झालेलं युद्ध संपून वर्ष झालं असेल. राजापूरकडचे सुतार, वेल्डर, प्लंबर तेव्हा पुन्हा आखाताची वाट धरू लागले होते. मी मुंबईत वाळवी आणि ढेकणांचं औषध मारायचो, तेच काम तिकडे मिळालं. पाठीला पंप, तोंडाला फडकं, हातात नळी. या धंद्यात माणसांची घरं ओट्याखालून दिसतात. वरून चकचकीत असलेलं घर खालून कसं असतं ते मी सांगू शकेन, पण त्यासाठी लिहायला बसलेलो नाही. गावी लोक विचारतात, तिकडे काय करायचात? औषध मारायचो म्हटलं की विषय तिथेच संपतो. नोकरीतलं जे एक काम माझ्या मनातून जात नाही, त्यात मात्र मी औषध मारलं नव्हतं. द्यायला नकार दिला होता.

आमच्या गाडीवर हमीदभाई होते. रायगडातल्या म्हसळ्याकडचे, युद्धाच्या कितीतरी आधीपासून कुवेतमध्ये. गाडी चालवायची, गिऱ्हाइकाशी अरबीत बोलायचं आणि मला शिकवायचं, ही तिन्ही कामं त्यांची. कुत्र्यांबद्दल मला जे कळतं ते त्यांच्याकडून आलं. आणि त्यांच्या धर्मात तर कुत्र्याची लाळ अंगाला लागली की ती जागा सात वेळा धुवावी लागते, त्यातलं एकदा माती लावून. गाडीत पाण्याचा कॅन आणि डब्यात स्वच्छ वाळू कायम असायची. काम संपलं की बाह्या वर करून ते शांतपणे हात धुवायचे. त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही, आणि कुत्र्याला कधी शिवीही दिली नाही.

कुत्र्यांचं काम आमच्याकडे कसं आलं ते सांगतो. इराकी सैन्य घुसलं तेव्हा लोक मिळेल त्या गाडीने पळाले. पाळलेली कुत्री मागे राहिली. कुणी जाताना फाटक उघडं ठेवलं, कुणाला तेवढंही सुचलं नाही. जी वाचली ती मोकळ्या मैदानांत, भंगारच्या वाड्यांत, वाळवंटाच्या कडेला जाऊन राहिली. मी गेलो तेव्हा गळ्यात पट्टा असलेली कुत्री अजून दिसायची. हाक मारली की थबकायची, मग काहीतरी आठवल्यासारखी पळून जायची. पुढे त्यांना पिल्लं झाली, त्या पिल्लांना पिल्लं झाली. त्यांच्या अंगावरून माणसाचा हात कधी फिरलाच नव्हता. दिसायला कुत्री, वागायला रानातली जनावरं. संध्याकाळ झाली की टोळीने वस्तीत येत आणि कचऱ्याचे डबे उपसत. लोकांना वाटायचं, उंदीर मारणारे लोक कुत्रीही घेऊन जातील. मग फोन आम्हाला.

हमीदभाई पिंजरा कधी आधी उतरवत नसत. आधी ते गल्लीतून पायी एक चक्कर मारत. जनावर कुठे झोपतं यापेक्षा ते इथे काय खातं हे त्यांना बघायचं असे. डब्याला झाकण नाही, बक्कल्याच्या, म्हणजे किराणा दुकानाच्या, मागे कोंबडीची आतडी टाकलेली, गॅलरीतून कुणी खरकटं भिरकावतंय, असं काहीतरी सापडायचंच. ते म्हणत, "दत्ता, खाणं बंद कर, जनावर आपलं आपण जातं. पिंजऱ्याने एक नेशील, त्याच्या जागी दुसरं येईल."

गिऱ्हाइकांना हे पटत नसे. सुलैबियात एका माणसाची कबुतरं एकामागून एक नाहीशी होत होती. लांडगा आलाय म्हणून त्याने आम्हाला बोलावलं. वाळूत पावलं उमटली होती, मांजरापेक्षा थोडी मोठी. हमीदभाई म्हणाले, कोल्हा आहे, एकटाच आहे, आणि तुमच्या खुराड्याची जाळी खालून सुटली आहे. त्यांनी जाळी तारेने घट्ट बांधून दिली. तो माणूस आमच्यावरच भडकला. त्याला मेलेला कोल्हा हवा होता, बांधलेली जाळी नको होती. त्याने आमच्या मॅनेजरकडे तक्रार केली. कबुतरं मात्र त्यानंतर गेली नाहीत. कोल्हा तिथेच राहिला, उंदीर खाऊन जगला असावा. पुढच्या हिवाळ्यात आम्ही तिकडून जाताना तो भिंतीच्या कडेने दुडक्या चालीने निघून गेला. हमीदभाईंनी गाडीचा वेग कमी करून त्याला जाऊ दिलं.

फिंतासचं प्रकरण त्यानंतरचं.

फिंतास समुद्राकाठी आहे. त्या गल्लीत एका बाजूला जुने कुवेती बंगले होते आणि समोर भाड्याच्या फ्लॅटची तीन मजली इमारत. मागे मोठं मोकळं मैदान. इमारतीच्या रखवालदाराने फोन केला की रोज सूर्य कलला की सात-आठ कुत्री येतात, लोकांना खाली उतरायची भीती वाटते. आम्ही गेलो, चक्कर मारली. कचऱ्याच्या डब्यांना झाकणं होती. खरकटं कुठे दिसत नव्हतं. मग एका बंगल्याच्या मागच्या भिंतीशी एक मोठी स्टीलची थाळी सापडली. चाटून लख्ख केलेली. कडेला भाताची चार शितं आणि मटणाचं एक हाड.

तो बंगला बू खालिदचा. तिकडे बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. खालिदचा बाप म्हणून बू खालिद. सत्तरीच्या आसपासचे, उंच, जरा वाकलेले. वडिलांचा गलबतांवरून मुंबईशी व्यापार असल्यामुळे लहानपणी ते मुंबईत राहिले होते आणि जुन्या मुंबईची हिंदी बोलायचे. आम्हाला त्यांनी दिवाणियात, म्हणजे बैठकीच्या खोलीत, बसवलं, कॉफी दिली. हमीदभाईंनी अदबीने सांगितलं की थाळीमुळे कुत्री येतात, हळूहळू माणसाला भिईनाशी होतील, आणि मग एक दिवस कुणाला तरी चावतील. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मान हलवली. थाळी बंद होणार नाही म्हणाले.

कारण विचारायची आमची हिंमत नव्हती. त्यांनी आपणहून सांगितलं. खालिद शिकारीचा शौकीन होता. त्याच्याकडे सलूकी जातीचा कुत्रा होता, वाळवंटात सशाच्या मागे धावणारा, लांब पायांचा, सडपातळ. इराकी सैनिकांनी खालिदला घराच्या दारातून उचलून ट्रकमध्ये घातलं, तेव्हा तो कुत्रा ट्रकच्या मागे धावत गेला. दोघेही परत आले नाहीत. खालिदचं नाव हरवलेल्या कैद्यांत होतं. जिवंत आहे की नाही, कुणाला माहीत नव्हतं. आणि आता या टोळीत एक सडपातळ, लांब पायांचं कुत्रं होतं.

"वो वापस आया है," ते म्हणाले. "भूखा कैसे भेजूँ?"

बाहेर आल्यावर हमीदभाई गाडीपाशी थांबले. त्यांनी ते कुत्रं पाहिलं होतं. म्हणाले, हे दोन वर्षांच्या वर नाही. खालिदचा कुत्रा आज असता तर म्हातारा झाला असता. मी म्हटलं, मग त्यांना सांगू या. ते म्हणाले, "तू सांगशील?" त्या म्हाताऱ्याला दारात येणारा प्रत्येक माणूस बू खालिद म्हणत होता. म्हणजे त्याला हाक मारणारा प्रत्येक जण त्याच्या हरवलेल्या मुलाचं नाव घेत होता. त्यात आम्ही जाऊन आणखी काय सांगणार?

आम्ही जमेल ते केलं. भिंतीच्या फटी बुजवल्या, इमारतीतल्या लोकांना समजावलं. कुत्रं समोर आलं तर पळायचं नाही. पाठ दाखवायची नाही. लहान मूल असेल तर कडेवर घ्यायचं. हात वर करून मोठ्या आवाजात ओरडायचं आणि तोंड त्याच्याकडे ठेवून मागे सरकायचं. हातात खाण्याची वस्तू घेऊन संध्याकाळी खाली उतरायचं नाही. त्यानंतर आणखी दोनदा आम्ही बू खालिदकडे गेलो. दोन्ही वेळा कॉफी मिळाली, उत्तर तेच मिळालं.

त्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर देशमुख राहायचे. लातूरकडचे, तेल कंपनीच्या ठेकेदाराकडे इंजिनिअर. सुनंदावहिनी भारतीय शाळेत शिकवायच्या. त्यांची मुलगी गौरी सात वर्षांची. मराठी माणूस भेटला म्हणून पहिल्याच दिवशी वहिनींनी आम्हा दोघांना वर बोलावून पिठलं-भाकरी वाढली होती. मी कुत्र्यांचं सांगत होतो तेव्हा गौरी ऐकत होती आणि मध्येच इंग्रजीत विचारत होती, "बट अंकल, व्हॉट इफ इट इज अ व्हेरी बिग वन?" मी म्हटलं, मोठं असलं तरी तेच करायचं, उभं राहायचं.

सात वर्षांचं लेकरू आयत्या वेळी उभं कसं राहणार? एका संध्याकाळी ती शेजारच्या मैत्रिणीकडून परत येत होती. हातात त्यांनी दिलेला समोसा होता. टोळीतलं एक पिवळं, मोठ्या डोक्याचं कुत्रं सरळ तिच्याकडे चालत आलं. भुंकलं नाही, गुरगुरलं नाही. रोज थाळीकडे यायचं तसंच आलं. ती पळाली. ते मागे धावलं. दंड आणि गाल फाडला. रखवालदाराने खुर्ची फेकून मारली म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी देशमुखांनी मला इमारतीखाली बोलावलं. एकट्याला. डोळे तारवटलेले होते. गौरीला टाके पडले होते, रेबीजची इंजेक्शनं सुरू झाली होती. ते हळू आवाजात म्हणाले, "दत्ताराम, तुमच्याकडे औषध असतं. मला थोडं द्या. मटण मी आणतो. पुढचं तुम्ही बघायचं नाही."

मी म्हटलं, साहेब, ते मी देणार नाही. विष टाकलं की ते कोण खाईल हे आपल्या हातात राहत नाही. मांजर खाईल, दुसऱ्याचं पाळलेलं जनावर खाईल, कचरा उचलणाऱ्याच्या हाताला लागेल. आणि ही टोळी मेली आणि थाळी तशीच राहिली तर महिन्याभरात नवी टोळी येईल.

"माझ्या लेकराच्या गालाला टाके आहेत," ते म्हणाले. "तुमच्या असते तर?"

मी एवढंच म्हटलं की चावणारं कुत्रं आम्ही पकडतो. ते पकडायलाच हवं, कारण त्याला रेबीज आहे का ते बघायचं आहे. बाकीचं मला थोडे दिवस द्या. ते वर निघून गेले. ते दुसरीकडून विष आणतील याची मला खात्री वाटत होती. विष विकणारे तिथे होतेच.

त्याच दिवशी दुपारी बू खालिद समोरच्या इमारतीचे जिने चढून गेले. हे मला वहिनींनी नंतर सांगितलं. देशमुखांनी दार उघडलं आणि त्यांना पाहून बंद करायला लागले. वहिनींनी मागून येऊन दार धरलं. म्हणाल्या, येऊ दे त्यांना, बघू दे. म्हातारा आत आला. गौरी पलंगावर झोपली होती, अर्ध्या चेहऱ्यावर पट्टी. तो उभाच राहिला. कुणी बसा म्हटलं नाही. त्याने क्षमा मागितली नाही, समजूत घातली नाही. बराच वेळ त्या मुलीकडे बघितलं आणि जसा आला तसा गेला. वहिनी म्हणाल्या, जिन्यावर त्यांचा हात कठड्यावरून सुटत नव्हता.

संध्याकाळी आम्हाला निरोप आला. थाळी बंद करायला ते तयार होते. पण एक अट होती. ते सडपातळ कुत्रं जिवंत पकडून त्यांच्या अंगणात आणून द्यायचं. हमीदभाईंनी लगेच होकार दिला. मला आश्चर्य वाटलं. इतकं बुजरं जनावर पकडणं सोपं नव्हतं, आणि पकडल्यावर म्हाताऱ्याला ते जवळून दिसणार होतं. भाई म्हणाले, "ते पुढचं पुढे."

पिंजऱ्याचं काम लोकांना वाटतं तसं झटपट होत नाही. सुरुवातीला पिंजऱ्याचं दार बांधून उघडंच ठेवायचं. खाणं आधी बाहेर, मग दारात, मग आत. जनावराला सवय होऊ द्यायची. घाई केली की ते पुन्हा त्या पिंजऱ्याजवळ फिरकत नाही. ती थाळीच आम्ही रोज थोडी आत सरकवली. गल्लीतल्या मुलांना तेवढे दिवस संध्याकाळी खाली यायला बंदी होती. रखवालदार काठी घेऊन उभा असायचा.

पहिलं आत गेलं ते पिवळं कुत्रं. जाणारच होतं. त्याला माणसाची, लोखंडाची, कशाचीच भीती उरली नव्हती. आम्ही ते पशुवैद्याकडे दिलं. काही दिवस नजरेखाली ठेवलं, रेबीज नव्हता. तो निरोप मी देशमुखांना दिला तेव्हा ते जिन्यातच खाली बसले आणि रडले. कुत्र्याला मात्र नंतर इंजेक्शन देऊन संपवलं. माणसाला चावलेलं जनावर परत सोडत नाहीत, सोडताही येत नाही. हमीदभाई शेवटपर्यंत तिथे थांबले. परत येताना म्हणाले, "त्याला कुणीतरी वेळेवर एक दगड मारायला पाहिजे होता. जगलं असतं." मग वाळू काढून हात धुवायला लागले. त्या दिवशी हात धुवायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

सडपातळ कुत्रं बरेच दिवस हुलकावणी देत राहिलं. शेवटी एकदा ऊन उतरताना आत शिरलं आणि दार पडलं. आम्ही पिंजरा उचलून बू खालिदच्या अंगणात नेला. कुत्रं आतल्या बाजूला अंग चोरून, कान पाडून पडलं होतं. म्हातारा पिंजऱ्यासमोर जमिनीवर बसला. हमीदभाई त्याच्या शेजारी उकिडवे बसले. मी मागे उभा होतो. आता त्याला कळणार होतं.

बू खालिदने वाकून नीट पाहिलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मादी है."

तो पुन्हा पिंजऱ्याकडे वळला.

"खालिद का कुत्ता नर था. मेरे को पहले दिन से मालूम है."

हमीदभाईंनी मान खाली घातली. म्हातारा थांबत थांबत बोलत राहिला. खालिदला नेल्यावर त्याची आई रोज त्याच्या वाटणीचं अन्न वेगळं काढून ठेवायची. कधी आला तर भुकेला येईल म्हणून. पुढच्या वर्षी ती गेली. स्वयंपाकी तिच्या सांगण्याप्रमाणे तेवढंच अन्न शिजवत राहिला आणि ताट वाढत राहिला. ते ताट उचलून कचऱ्यात टाकणं बापाच्याने होईना. एक दिवस मागच्या भिंतीशी ठेवलं. कुत्र्यांनी खाल्लं. दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवलं. मग ही आली, आणि लांबून तशी दिसली.

"कोई खाने को आता था," तो म्हणाला. "बस, इतना ही."

हमीदभाई बोलले. अरबीत बोलले, पण त्यातलं बरंचसं मला कळलं, कारण बोलताना ते फाटकाकडे हात करत होते. समोरच्या रस्त्यावर गटाराचं काम चालू होतं. बांगलादेशी मजूर उन्हात पाइप टाकत होते आणि दुपारी पाण्याबरोबर नुसता खुब्ज, म्हणजे तिकडची रोटी, खात होते. भाई म्हणाले, खालिदच्या वाटणीचं ताट बंद करायचं कारण नाही. ते या माणसांना जाऊ दे. बू खालिदने थोडा विचार केला. मग स्वयंपाक्याला हाक मारली.

थाळी बंद झाल्यावर कुत्री लगेच जात नाहीत. रोजच्या वेळेला येतात, वाट बघतात, बावरतात, चिडतातही. हे दिवस सगळ्यात धोक्याचे. तेव्हा त्यांना पुन्हा माणसाचं भय शिकवावं लागतं. आम्ही गल्लीतल्या पुरुषांना संध्याकाळी खाली बोलावलं. काठ्या, पत्र्याचे डबे, पाण्याचे पाइप. तळमजल्यावरचा इजिप्शियन हिशेबनीस बायकोचं सगळ्यात मोठं पातेलं आणि डाव घेऊन आला आणि तेच सगळ्यांत जोरात वाजलं. कुत्री मैदानाच्या कडेला दिसली की सगळ्यांनी एकदम ओरडत पुढे जायचं, ती मागे हटेपर्यंत थांबायचं नाही. एकाने मध्येच माघार घेतली तर सगळं फुकट जातं.

दुसऱ्या दिवशी देशमुख खाली आले. हातात रिकामा डबा होता. माझ्याकडे बघितलं नाही, रांगेत उभे राहिले. पुढे ते एकही संध्याकाळ चुकले नाहीत. काही दिवसांनी त्यांनी मला सांगितलं की विष आणून स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर ठेवलं होतं. वहिनींनी ते शोधून काढलं. म्हणाल्या, समोरचा म्हातारा दार वाजवून स्वतः आला होता, तुम्ही चोरून जाणार का? मग दोघांनी ते आमच्या ऑफिसात आणून दिलं. आम्ही ते नियमाप्रमाणे नष्ट केलं.

टोळी गेली. पूर्ण नाहीशी झाली नाही. मैदानाच्या पलीकडे, भंगारच्या बाजूला ती राहत होती आणि कधी कधी ओळीने जाताना दिसायची. माणूस दिसला की वळायची. यातली काही पुढे गाड्यांखाली गेली, काही गोळीने, काही उपासाने. आम्ही त्यांना वाचवलं असं मी म्हणणार नाही. आम्ही त्यांना माणसांपासून लांब केलं, एवढंच. पण त्या गल्लीत नंतर कुणाला कुत्रं चावलं नाही आणि कुणी विष टाकलं नाही. माझ्या नोकरीत मला अभिमान वाटावा अशा गोष्टी थोड्या आहेत, त्यात ही एक.

ती मादी बू खालिदच्या अंगणात राहिली. त्याने भिंतीवर जाळी वाढवून घेतली. वर्षभर ती त्याला हात लावू देत नव्हती. तो लांब खुर्ची टाकून बसायचा, ती त्याहून लांब बसायची. गौरीचा गाल भरून आला, पण कुत्र्याच्या आवाजाने ती कितीतरी वर्षं दचकायची. देशमुख पुढे जवळच्याच मंगफला राहायला गेले. हमीदभाई निवृत्त होऊन म्हसळ्याला परतले आणि तिसऱ्या वर्षी गेले. मला कळलं तेव्हा दफन होऊन आठवडा झाला होता. मी कामावर होतो, एका हॉटेलच्या तळघरात. तिथेच पंप उतरवून थोडा वेळ बसून राहिलो.

मग इराकमधली राजवट पडली. तिकडच्या वाळवंटात एकत्र पुरलेल्या माणसांचे सांगाडे सापडायला लागले. तपासण्या करून एकेकाची ओळख पटायला लागली आणि पेट्या कुवेतला येऊ लागल्या. पेपरात नावं यायची. एके दिवशी त्यात खालिदचं नाव होतं.

मी देशमुखांना फोन केला. ते ड्यूटीवरून तसेच, कंपनीच्या कपड्यांतच आले. आम्ही दोघे फिंतासला गेलो. दिवाणियात माणसं भिंतीला लागून बसली होती. बू खालिद आता ऐंशीच्या घरात होते, काठी लागत होती. देशमुखांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. दोघे कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग देशमुख बाजूला झाले आणि मी पुढे गेलो.

मला वाटलं, मी कोण हे त्यांना आठवणार नाही. त्यांनी मला शेजारी बसवलं. विचारलं, वो हमीद किधर है? मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून दुवा म्हटली. मग म्हणाले, आता खालिद कुठे आहे ते मला ठाऊक आहे, त्याच्या कबरीपाशी जाता येतं. त्यांच्या आवाजात दुःख होतं आणि थोडी विश्रांतीही होती.

आम्ही उठायला लागलो तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला माझ्याबद्दल काही विचारलं नव्हतं.

"तेरा लड़का है?"

आहे म्हटलं. एकच. गावाला असतो, बारावीला आहे.

"आज फोन कर."

बाहेर आल्यावर मी मोबाइलवरून गावाला फोन लावला. आम्ही शुक्रवारी बोलायचो. तो दिवस मंगळवार होता, त्यामुळे मुलगा घाबरला. बाबा, काय झालं, म्हणून तीन-तीनदा विचारू लागला. देशमुख गाडीपाशी पाठ करून उभे होते.

"काही नाही रे," मी म्हटलं. "जेवलास का?"